माझ्या पायाशी आलेली ओल

मी एक जुना लाकडी पलंग आहे. मित्रांनो, पलंगाला चार पाय असतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझे मात्र साडेतीन उरले आहेत. उरलेल्या अर्ध्याखाली एक वीट लावली आहे. तो अर्धा पाय कुठे गेला ते तुम्हाला सांगायचे आहे. जरा सावकाश सांगेन, कारण आता मी थकलो आहे.

एका सुताराने मला त्याच्या मित्राच्या लग्नासाठी घडवले. मित्र शिंपी होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. सुताराने माझी फळी न् फळी इतकी घासली की वरून हात फिरवला तर कापडावरून फिरवल्यासारखा वाटे. मला मास्तरांच्या घरी पोचवल्यावर तो निघता निघता म्हणाला, "मास्तर, एक करा. डोक्याकडची बाजू भिंतीला चिकटवू नका. हात आत जाईल एवढी फट ठेवा. मागची भिंत दिसली पाहिजे, आणि लाकडालाही हवा लागते."

मास्तरांनी हे मनावर घेतले. त्यांच्या घरात माझ्यामागे केरसुणी फिरत असे, ओल्या फडक्याने पुसले की कोरडे फडके फिरत असे. ते माझे भरभराटीचे दिवस होते. दिवसा माझ्यावर शिवायच्या कापडांचा ढीग पडे. मास्तरांची बायको माझ्या काठावर बसून काज करी, बटणे लावी. त्यांचा मुलगा माझ्यावरच रांगायला शिकला आणि पुढे माझ्यावरच उड्या मारून त्याने माझी एक फळी मोडली. पाहुणे येत आणि म्हणत, "पलंग असावा तर असा." मी फुगून जाई. फुगण्याचा तेवढाच एक अर्थ तेव्हा मला माहीत होता.

मग मास्तरांची बायको गेली. त्यानंतर मास्तर माझ्यावर झोपत ते आपल्याच बाजूला, अंग चोरून. दुसरी बाजू ते रिकामी ठेवत. पुढे डोळे साथ देईनात, सुईत दोरा ओवता येईना, आणि दुकान बंद झाले. मुलाने त्यांना आपल्या घरी नेले. त्यांच्याबरोबर मीही गेलो.

मुलाचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. मास्तरांना मिळालेली खोली लहान पण उजेडाची होती. तिच्या एका भिंतीपलीकडे न्हाणीघर होते. मला त्याच भिंतीकडे डोके करून ठेवले. "अजून मागे घ्या, दार पुरतं उघडत नाही," मुलगा म्हणाला, आणि हमालांनी मला असे रेटले की माझे डोके भिंतीवर आपटले. सगळे गेल्यावर मास्तरांनी माझ्या आणि भिंतीच्या मध्ये बोटे घालून पाहिली. ती जाईनात. पण मुलाच्या घरी राहायला आलेला बाप पहिल्याच दिवशी बारीकसारीक गोष्टी काढत नाही.

काही महिन्यांनी मुलाने न्हाणीघरात टॉवेल टांगायला दांडी बसवली. भिंतीला भोके स्वतःच पाडली, आणि घरात येईल त्याला ती दांडी दाखवली. एक स्क्रू भिंतीतल्या पाण्याच्या नळीला छिद्र पाडून आत रुतला होता, हे कुणालाच कळले नाही. त्या स्क्रूनेच ते छिद्र बुजवून धरले होते. पण लोखंड ते लोखंड. ते हळूहळू गंजले आणि पाणी झिरपू लागले.

मला पहिल्यांदा कळले ते भिंतीकडच्या पायात. तिथे गारवा आला. मग भिजलेल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला. माझ्यामागे रंगाला फुगे आले, फुटले, त्याखाली पांढरी भुकटी धरली आणि चुना पोपडे होऊन गळू लागला. हे सगळे माझ्या पाठीमागे चालले होते, आणि तिथे कुणाचे डोळे पोचत नव्हते. जे दिसण्यासारखे होते त्याचाही कुणी विचार केला नाही. माझे सांधे फुगले आणि मी कुरकुरू लागलो. मुलगा म्हणाला, "वय झालंय पलंगाचं." गच्चीवरची त्यांची टाकी पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होऊ लागली. तो म्हणाला, "उकाडा आहे, पाणी जास्त लागतंच." मित्रांनो, 'बघू नंतर' नावाचा एक पाहुणा प्रत्येक घरात मुक्कामाला असतो. तो कधी जायचे नाव काढत नाही.

एकदा जेवताना मास्तर म्हणाले, "खोलीत कसला तरी वास येतो."

"खिडकी उघडी ठेवत जा ना बाबा," मुलगा म्हणाला. सून मान खाली घालून जेवत राहिली.

तिने आधीच काहीतरी पाहिले होते. दिवसा खोलीत पंखा चाले, वारा खेळे, त्यामुळे ओल सुकून जाई. पण रात्रभर झिरपलेले पाणी सकाळपर्यंत फरशीच्या सांध्यांतून वर येई, तेही नेमके माझ्या कडेला, जिथे मास्तर उठताना पाय टेकवत. झाडायला आलेल्या सुनेला तिथे ओले दिसे आणि त्यावर तो कुबट वास. तिला वाटायचे तेच वाटले. म्हातारा माणूस आहे, उठेपर्यंत दम निघत नसेल.

ती वाईट नव्हती, हे मला सांगितलेच पाहिजे. ती कुणाजवळ बोलली नाही. नवऱ्यालाही तिने सांगितले नाही, सासऱ्यांची लाज राहावी म्हणून. ती मुकाट्याने पुसून घेई. मग एके दिवशी तिने माझी गादी उचलली, तिच्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि वरून चादर नीट खोचून टाकली.

त्या रात्री मास्तर आडवे झाले तेव्हा चादरीखाली चुरचुर झाली. त्यांनी हात फिरवला. आयुष्यभर कापड ओळखणारा तो हात. तो जागच्या जागी थांबला. प्लास्टिक कशासाठी घालतात, हे त्यांना सांगावे लागले नाही. बायकोच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी स्वतःच ते माझ्यावर अंथरले होते.

त्यानंतर ते रोज उठल्याबरोबर गादी चाचपून पाहू लागले. गादी कोरडी असे. मग वाकून फरशीला हात लावत. फरशी ओली असे. आपण झोपेत उठतो आणि आपल्यालाच कळत नाही की काय, असे त्यांना वाटू लागले असावे. सून यायच्या आत ते आपल्या जुन्या बनियनने फरशी पुसत आणि तो खिडकीबाहेर पिळत. ते झोपेत कधी उठत नसत, हे मला ठाऊक होते. माझ्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नव्हता. पण पलंगाची साक्ष कोण घेतो?

मग मास्तरांनी पाणी पिणे कमी केले. आधी संध्याकाळचे बंद झाले, मग दुपारचेही. सून तांब्याभांडे घेऊन येई, तेव्हा ते म्हणत, "आत्ताच प्यालो गं." ती गेली की भांडे तसेच भरलेले राही. उन्हाळा कडक होता. त्यांचे ओठ सुकून त्यांना चिरा पडल्या. घरातली दोन माणसे एकच गोष्ट एकमेकांपासून झाकत होती, आणि झाकलेली ओल सुकत नाही, पसरते.

एका दुपारी स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ सुनेची हाक ऐकू आली, "बाबा! बाबा, डोळे उघडा." मग धावपळ झाली, जिन्यात पावले वाजली, आणि घर शांत झाले. पुढचे मी बोलण्यातून ऐकले. मास्तरांना चक्कर आली होती. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही, मूत्रपिंडांना धोका आहे, काही दिवस इथेच ठेवू. मुलगा दवाखान्यात राहिला. खोलीचे दार-खिडकी बंद झाली, पंखा बंद झाला.

तिसऱ्या दिवशी सून कपडे न्यायला घरी आली. तिने दार उघडले आणि ती उंबऱ्यातच थांबली. फरशीवर पाणी होते. नुसते ओले नव्हते, थारोळे होते. माझ्यावर कुणी झोपले नव्हते. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

ती खाली बसली. तिने पाण्यात बोट बुडवले आणि नाकाशी धरले. मग तिने गादीवर हात ठेवला, जसे मास्तर ठेवत. मी तिचा चेहरा पाहिला. मित्रांनो, तसा चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही.

थोड्या वेळाने ती उठली. तिने मला भिंतीपासून ओढायचा प्रयत्न केला. मी फुगून अडकलो होतो, तरी तिने एका बाजूने रेटत रेटत मला हलवले, आणि तेव्हा माझा भिंतीकडचा पाय मधोमध मोडला. आतून त्याचा भुसा झाला होता. माझ्यामागची भिंत काळी पडली होती. तिने भिंतीला तळहात लावला, मग कान लावला. आत बारीक सूंऽ असा आवाज येत होता. तिने घरातले सगळे नळ घट्ट बंद केले आणि ती गच्चीवर टाकीतून घराकडे येणाऱ्या नळीवरचा पाण्याचा मीटर पाहायला गेली. परत आल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला.

"सगळे नळ बंद आहेत तरी मीटरचं चाक फिरतंय," ती म्हणाली. "पाणी भिंतीतून येतंय."

तो पलीकडून काहीतरी म्हणाला.

"संध्याकाळी नाही. प्लंबर मी बोलावते, तुम्ही बाबांजवळ थांबा. आणि त्यांना आत्ताच सांगा." मग ती म्हणाली, "नको. मीच सांगेन."

तिने मुख्य कॉक फिरवून घराचे पाणी बंद केले. भिंतीतला आवाज थांबला. प्लंबरने न्हाणीघराच्या भिंतीवरच्या फरशा फोडल्या, गंजलेला स्क्रू बाहेर काढला आणि नळीचा तेवढा तुकडा बदलला.

मास्तर घरी आले तेव्हा मी खोलीच्या मध्यभागी विटेवर टेकलेला होतो. भिंत उघडी पडली होती. त्यांनी भिंत पाहिली, मग मला पाहिले. सून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, ती ओल भिंतीची होती. मी भलतंच समजले."

"मीही तेच समजलो," मास्तर म्हणाले. "म्हटलं, आता आपणच गळायला लागलो."

"मला एकदा विचारलं असतं तुम्ही."

"आणि काय विचारू? प्लास्टिक का घातलंस म्हणून?" ते हे रागाने बोलले नाहीत. "अगं, तू तरी काय विचारणार होतीस."

ती रडू लागली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, की काही समजूत घातली नाही. ते म्हणाले, "पाणी आण. मोठ्या भांड्यात आण." तिने आणले. ते बसून सगळे प्याले, आणि ती समोर उभी राहून बघत राहिली.

मास्तर बरे झाले, पण पूर्वीसारखे नाही. आता जपून वागावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यांच्यासाठी लोखंडी पलंग आला. भिंत सुकेपर्यंत तिच्यावर रंग लावला नाही, हे चांगले केले. मला गॅलरीत ठेवले आहे. माझ्यावर कुंड्या आहेत, एक तुटकी खुर्ची आहे. जे फुगले ते आता पुन्हा बसत नाही. मला कसली तक्रार करायची नाही, तेवढे त्राणही नाही.

फक्त एवढे ऐका. भिंतीला लावून ठेवलेले सामान अधूनमधून ओढून पाहा. भिंतीत भोक पाडण्याआधी आतून नळी कुठून गेली आहे ते विचारा. कुबट वास, रंगाचे फुगे, आखडलेले दार, विनाकारण रिकामी होणारी टाकी, यांना वयाचे किंवा हवेचे नाव देऊन सोडून देऊ नका. मुख्य कॉक कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. आणि घरात कुठे ओल दिसली, तर आधी भिंतीला हात लावा. माणसाकडे बोट दाखवायला नंतर पुष्कळ वेळ असतो.