ताटलीवरचं नाव

अडीचशे वर्षांपूर्वीची चिनी ताटली मी दुबईत लिलावात मिळवली. तांब्यावर पांढऱ्या मिन्याचा लेप, त्यावर हातानं रंगवलेली गुलाबी फुलं आणि लाल वटवाघळं. चिनी लोकांत ती शुभ असतात. पुण्याहून आलेल्या आईला हे सगळं समजावलं आणि ताटली घरी ठेवून ऑफिसला गेलो, हाच माझा मूर्खपणा.

संध्याकाळी ताटलीवर माझं नाव! ‘शैलेंद्र, फ्लॅट २३०४’. आईनं जवळच्या करामा भागातल्या भांडीवाल्याकडून मशीननं घालून आणलेलं.

"खलास केलीस की गं ताटली!" मी ओरडलो.

"ओरडू नकोस. टॉवरमध्ये प्रसाद वाटताना भांडी बदलतात," आई म्हणाली.

नावाशेजारी मिन्याचा टवका उडाला होता. खालच्या तांब्यावर ठोकून घातलेली जुनी अक्षरं दिसत होती. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ‘सौ. रंभा’. अडीचशे वर्षांच्या चिनी रंगाखाली, चक्क मराठीत.

"बघ," आई म्हणाली, "बदललेलीच घेऊन आलास. आता परत द्यायला हवी."

"कुणाला? कुठे?"

"ते तू शोध." तिनं लाडवांसाठी रवा भाजायला घेतला. "रिकामी नाही द्यायची."