बाबागाडीतली ढेप

त्या रविवारी आमच्या घरून बाबागाडी निघाली तेव्हा तिच्यात गुळाची ढेप होती, आणि स्वराज माझं बोट धरून पायी चालला होता.

ढेप सासूबाईंनी धोतराच्या जुन्या फडक्यात घट्ट बांधली होती. वर स्वराजचंच दुपटं पांघरवून चारी बाजूंनी खोचलं होतं. "ऊन लागंल," म्हणाल्या. नातवाला टोपी घालायचं मात्र विसरल्या.

स्वराज आठव्या महिन्यातच झाला. काचेच्या पेटीत ठेवला होता तेव्हा सासूबाई सायखेड्याहून आल्या, काचेतून बराच वेळ बघत राहिल्या. रडल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात जाऊन गावच्या दिशेनं तोंड केलं आणि भैरोबाला सांगितलं, "हे पोर गुळाच्या ढेपेएवढं होऊ दे. अख्खी ढेप वाटीन. तवर याच्या जावळाला कातर लावायची नाय." लहानशी भेली म्हणाल्या असत्या तर आम्ही केव्हाच मोकळे झालो असतो. पण देवाकडे मागायचं तर हात आखडायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. ढेप दहा किलोची.

ती त्यांनी यंदा दिवाळीतच आणून ठेवली, त्यांच्या खोलीत, पाटावर. आणि स्वराज काही दहा किलोचा होईना. दोन वर्षांचा झाला तरी होईना. जावळ खांद्यावर आलं, मी त्याच्या दोन शेंड्या बांधायला लागले, आणि गंगापूर रोडच्या निम्म्या बायका त्याला बाळी म्हणायला लागल्या.

दवाखान्यातल्या काट्यावर त्याला ठेवायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढून तारीख पुढे ढकलायची. डॉक्टर वाईट बोलत नसत, फक्त "हं" म्हणत. तो "हं" मला आठवडाभर पुरायचा. म्हणून सासूबाईंनी दुसरा काटा शोधला. बागेतून पलीकडे गेलं की फाटकाबाहेर रविवारचा भाजीबाजार भरतो. तिथे तानुबाईचा कांद्याबटाट्याचा मोठा तराजू तीन काठ्यांच्या तिकाटण्याला टांगलेला असतो. दर रविवारी रमतगमत बाग ओलांडायची आणि स्वराजला पारड्यात बसवायचं. गेल्या रविवारी पाच-पाचची दोन वजनं समोर ठेवून तानुबाई म्हणाली होती, "दोन कांद्यांनी कमी हाय. आता पुढच्या बारीला ढेपच आणा."

आणि सोमवारी याला ताप भरला. मग जुलाब. दूधभात तोंडात घेतला की थुंकून टाकायचा. गुरुवारी अंग पुसताना मी पाहिलं, त्याची काळ्या मण्यांची मनगटी सरकून कोपरापर्यंत जात होती. मी ती पुन्हा खाली ओढली आणि त्याला लांब बाह्यांचं झबलं घातलं.

"अहो आई, आज नको," सकाळी मी म्हटलं होतं. "पुढच्या रविवारी बघू."

"ताप उतरून दोन दिवस झाले. पोराला वारं लागू दे जरा. आन् एवढी ढेप बांधली ती काय पुन्हा सोडू?"

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. वाटलं, यांना नवस फेडायची घाई. तो पुन्हा कमी भरला तर तराजूपुढे उभं राहायचं मला.

बागेत पोचलो तेव्हा हास्यक्लबवाले हात वर करून हसत होते. स्वराजनं माझं बोट सोडलं, त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून "हा हा हा" केलं. मग ते खरोखरचे हसले.

"बिनकारणाचं कसं हसू येतं वो यांना?" सासूबाई म्हणाल्या.

"तब्येतीला चांगलं असतं म्हणे."

"मंग हसू दे."

ऊन कोवळं होतं. स्वराज प्रत्येक पडलेल्या पानापाशी थांबे. झोक्यापाशी थांबला, कारंज्याच्या कोरड्या टाकीत डोकावला, घसरगुंडीवरून दोनदा खाली आला. मागून सासूबाई सावकाश गाडी ढकलत. एक बाई फिरता फिरता थांबल्या. खांद्यावर शाल, पायात पांढरे बूट. गाडीवर वाकून हळूच म्हणाल्या, "बाळ झोपलंय वाटतं?"

"व्हय," सासूबाईंनी दुपटं नीट केलं. "हात नका लावू. आत्ताच डोळा लागलाय."

हसू लपवायला मी तोंड फिरवलं. बाई पाय न वाजवता पुढे गेल्या.

फाटकाबाहेर बाजार चांगलाच भरला होता. द्राक्षांच्या पाट्या, ओल्या हरभऱ्याच्या जुड्या, गाजरांचे ढीग. तानुबाईनं लांबूनच हाक मारली, "आली का वरात! लंकाबाई, नवरदेव पायी आन् गूळ गाडीत?"

"गूळ म्हातारा झाला, त्याला चालवत नाय," सासूबाई म्हणाल्या.

तानुबाईनं पारड्यातली माती झटकली, गोणपाट अंथरलं. एका बाजूला फडक्यासकट ढेप. दुसऱ्या बाजूला मी स्वराजला बसवलं. त्यानं साखळी धरली. मी हात काढला आणि खाली बघत राहिले. बघायचं धाडसच होईना.

"अगं, बघ की!" तानुबाई ओरडली.

स्वराजचं पारडं खाली होतं. चांगलं वीतभर खाली. ढेप वर झुलत होती.

मला पटेना. आठवडाभर न जेवलेलं पोर. मी म्हटलं, "मावशी, काटा बिघडलाय का?"

"माझा काटा?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरले. तरी तिनं पारडी बदलली. ढेप इकडे, पोरगा तिकडे. पुन्हा स्वराजच खाली. मग तिनं ढेप दोन्ही हातांनी उचलली, आणि तिच्या भुवया वर गेल्या. फडक्याची गाठ सोडली, ढेप उलटी केली.

ढेप खालून पोखरलेली होती. आत चमच्याचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

सासूबाई पलीकडच्या द्राक्षांकडे एकटक बघत होत्या.

"लंकाबाई, घरात उंदीर झालेत का गं?"

"झालाय ना एक. त्यो बसलाय तुझ्या पारड्यात."

आजूबाजूचे दोन-चार गाळेवाले फसकन हसले. मी मात्र सासूबाईंकडेच बघत होते. त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, "दिवाळीपासनं देते थोडा थोडा. या हप्त्यात तर दुसरं काय घेतच नव्हता. तू रातभर जागायचीस, दुपारी तुझा डोळा लागायचा. मंग मी तुपात कालवून बोटानं चाटवायचे. तेवढं घ्यायचा बघ, मिटक्या मारत."

"पण आई, नवसाचा गूळ…"

"मी भैरोबाला रोज सांगून घ्यायचे. चोरून नाय घेतला." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् गेला कुठं त्यो गूळ? हितंच हाय ना, याच्या पोटात. याच्याच पारड्यात बसलाय."

मला एकदम रडू आलं आणि हसूही. तानुबाईनं तेवढ्यात ढेप बाजूला ठेवून पाच-पाचची दोन वजनं चढवली होती. दांडी डुलली, स्थिरावली.

"एक कांदा कमी," ती म्हणाली.

गेल्या रविवारी दोन होते. तापातून उठूनही एकच. मी तिथेच, गाजरांच्या ढिगाशेजारी, बसून घेतलं. मनगटी कोपराकडे सरकताना मी चार दिवस जे मनात आणत होते, ते सगळं खोटं ठरलं होतं.

"मंग नवस फिटला का नाय?" सासूबाईंनी विचारलं. आवाज जरा बारीक होता.

"ढेपेएवढा म्हणली होतीस ना?" तानुबाई म्हणाली. "ही तुझी ढेप, हा तुझा नातू. देव काय वजनं तपासायला येतोय? फोड आता."

किलोच्या वजनानंच ढेप फोडली. तानुबाईला, द्राक्षवाल्याला, गाजरवालीला, जो येईल त्याला खडा. उरलेला गूळ फडक्यात बांधून परत बागेत आलो. स्वराजचे पाय थकले होते, तेव्हा त्याला गाडीत बसवलं. हास्यक्लबवाले सतरंज्या गुंडाळत होते, त्यांनाही दिला. "कशाबद्दल?" एका आजोबांनी विचारलं. सासूबाईंनी गाडीकडे बोट दाखवलं. "पुढल्या रविवारी जावळ हाय याचं. मामाच्या मांडीवर. या सगळे."

अनोळखी माणसांना असं बोलावणं मला कधी जमलं नसतं. आजोबा म्हणाले, येतो की.

कारंज्यापाशी त्या मघाच्या शालवाल्या बाई बाकावर बसल्या होत्या. गूळ हातावर घेतला आणि गाडीत वाकून बघितलं. स्वराज दोन शेंड्या मिरवत, हनुवटीपर्यंत गुळाचे ओघळ आलेले, बोटं चोखत बसला होता.

"अगंबाई, गोड आहे हं! पण हा तर चालत होता ना मघाशी?" त्या गोंधळल्या. "मग झोपलं होतं ते कोण?"

"झोपला होता त्यो याचा नवस," सासूबाई म्हणाल्या आणि गाडी पुढे ढकलली.