अठ्ठावीस दिवसांची बोटं

खिडकीपलीकडच्या कारकुनाने तिसऱ्यांदा मान हलवली. "बाई, तुमच्या बोटांवर काही नाहीच. पुसून पुन्हा ठेवा."

तिने बोटं ओढणीला पुसली, ठसे घेणाऱ्या यंत्राच्या काचेवर ठेवली. पुन्हा लाल दिवा.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची बारा वर्षं गेली होती. नमुन्यांच्या बाटल्या आधी आम्लाने, मग अ‍ॅसिटोनने, शेवटी शुद्ध पाण्याने धुवायच्या, दिवसाला साठ. आम्लापुरते हातमोजे, पुढचं सगळं उघड्या हातांनी, कारण ओल्या हातमोज्यांतून बाटली निसटते. घरी आलं की भांडी होतीच.

या देशात राहायचा परवाना दर वर्षी नवा करावा लागे आणि दर वर्षी नियम वेगळा निघे. मागे घरमालकाची सही मागितली, गेल्या वर्षी चष्म्याशिवाय फोटो, यंदा दहाही बोटांचे ठसे. नवरा, लेक आणि सासूबाई यांचे परवाने तिच्याच परवान्याला जोडलेले. तिचा अडकला की चौघांनी सामान बांधायचं.

"शेवटची तारीख देतो," कारकून म्हणाला. "अठ्ठावीस दिवस. तेव्हाही दिवा लाल लागला तर अर्ज बंद."

"मग मी करू काय?"

"मला काय विचारता? गेल्या महिन्यापर्यंत हे यंत्रच नव्हतं इथे." तोही दमलेला दिसत होता.

घरी नवऱ्याला आधी पटेचना. "ठसे पुसतात? असं कसं होईल?"

"वरची कातडी साधारण चार आठवड्यांत बदलते. पाणी, साबण, रसायनं बंद केली तर रेषा परत येतील." 'कदाचित' हा शब्द तिने गिळला.

सासूबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. "मग सूनबाई, आजपासून तू मोरीकडे फिरकायचं नाहीस. आणि तू रे, बघतोस काय? घे घासणी."

"आई, मला मीटिंग आहे आत्ता."

"भांडी थांबतील, त्यांना कुठे जायचंय? जावं लागेल ते आपल्याला."

हात कोरडे ठेवू देण्याची विनंती करणारी तिची चिठ्ठी प्रयोगशाळेतल्या साहेबांनी दोनदा वाचली. "बाटल्या कोण धुणार मग?" बारा वर्षांत हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. शेवटी तिला आकडे लिहायच्या टेबलावर बसवलं.

रोज सकाळी ती भिंगाखाली बोटं धरायची. नवव्या दिवशी काही नाही. चौदाव्या दिवशी करंगळीवर फिकट रेषा. अंगठे मात्र गुळगुळीत. घरात दोन पेले फुटले, एक कढई कायमची काळी झाली. "बाबा, कढईला मागूनपण घासतात," लेकीने सांगितलं. रविवारी सासूबाईंनी तिला पाटावर बसवून डोकं धुऊन दिलं. "मान खाली घाल. तुझ्या नवऱ्यालाही लहानपणी अशीच न्हाऊ घालायचे, तो किंचाळायचा तरी. तू किती गप्प!"

ती गप्प होती, कारण तिथेच तिचा डोळा लागत होता. हात थांबल्यापासून थकवा कुठूनकुठून वर यायला लागला होता. बसमध्ये, खुर्चीत, जेवताना. जिथे बसेल तिथे तिला झोप येई.

अठ्ठाविसाव्या दिवशी कारकून तोच होता. नऊ बोटं हिरवी झाली. उजवा अंगठा लाल.

"जरा फिरवून ठेवा," तो हळूच म्हणाला. "कडेला बघू."

तिने अंगठा तिरका ठेवला. दिवा बराच वेळ लागलाच नाही. मग हिरवा लागला.

"झालं." त्याने कागदावर शिक्का मारला. "पुढच्या वर्षी पुन्हा यायचंय."

"ठसे तर घेतलेत ना?"

"दर वर्षी घ्यायचेत. सोमवारी नियम आलाय."

घरी पोचली तेव्हा नवरा मोरीपाशी उभा होता. "झालं?"

"झालं."

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि हातमोजे काढून ओट्यावर ठेवले. सासूबाईही डोळे मिटून पुटपुटल्या. मग तिने सोमवारच्या नियमाचं सांगितलं.

नवऱ्याने हातमोज्यांकडे पाहिलं, तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि एकेक बोट नीट बसवत हातमोजे पुन्हा चढवले.

ती खुर्चीत बसली. उद्या प्रयोगशाळेत साठ बाटल्या होत्या. त्यातल्या किती कुणाच्या वाट्याला घालायच्या, हे साहेबांना कोणत्या शब्दांत सांगायचं, ते जुळवता जुळवता तिचा डोळा लागला.