बोयनोकचं निघून जाणं

आठवड्यात तिसऱ्यांदा बुरुल आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला ओढ्यापलीकडून खेचत आणत होती, आणि तिसऱ्यांदा तिच्या डोक्यावरचा रुमाल त्याच्या गळ्यात होता. दोरी घ्यायचं तिला सुचतच नसे. बोयनोक दिसेनासा झाला की ती हातातलं टाकून पळायची. आज तर दूध उतू घालवून पळाली होती. आणि हे चौदा वर्षांचं धूड, अंगानं वासराएवढं, दर दहा पावलांवर पाय रोवून उभं.

तो नेहमी एकाच ठिकाणी सापडायचा. जूनमध्ये त्यांचा तंबू जिथं होता, तिथं आता दबलेल्या पिवळ्या गवताचं गोल रिंगण उरलं होतं. त्याच्या मधोमध, एके काळच्या चुलीच्या जागी, तो मान वाकडी करून उभा राहायचा.

तंबूबाहेर तिचा नवरा मुकाम्बेत खोगिराचा पट्टा शिवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"आणलंस परत?"

"मग काय लांडग्यांना आंदण देऊ?"

"म्हातारे, किती वेळा सांगू? म्हणच आहे, चांगला कुत्रा मालकाला आपलं मढं दाखवत नाही. त्याची वेळ झालीय. तो मानानं चाललाय, आणि तू त्याला रुमालाला बांधून फरफटवतेस."

"मानानं! मंगळवारी तुमच्या बुटात मुतला, तेव्हा कुठं गेला होता मान?"

यावर मुकाम्बेतनं सुई दातात धरली. उत्तर नसलं की तो सुई, काडी किंवा गवत, मिळेल ते दातात धरायचा.

सगळं कुरण मुकाम्बेतच्याच बाजूचं होतं. शेजारच्या तंबूतली उपेल म्हातारी येऊन "मोठं खानदानी जनावर हो" म्हणत डोळे पुसून गेली. कुत्रा जिवंत, समोर बसलेला, आणि सांत्वन चालू! शुक्रवारी ट्रक येणार होता. तंबू उतरवून वरच्या कुरणात जायचं. मुकाम्बेतनं ठरवून टाकलं होतं की बोयनोकला न्यायचं नाही, त्याला त्याच्या जुन्या जागेवर राहू द्यायचं. मागं राहिला तर तो दोन रात्री काढणार नाही, हे बुरुलला ठाऊक होतं. मुकाम्बेतलाही होतं. तो त्यालाच मान म्हणत होता.

बुरुलचं डोकं फिरलं होतं ते एवढ्यासाठीच. जो तो म्हण बघत होता, कुत्र्याकडं कुणी बघत नव्हतं. तिनं मात्र बघितलं होतं. महिन्याभरापूर्वी एक पाहुणा आला, रीतीप्रमाणे लांब उभा राहून "कुत्रा धरा हो!" म्हणून ओरडला, आणि बोयनोक त्याच्या घोड्याच्या पायाशी घोरत पडलेला. पाहुणा हसून हसून खोगिरावर आडवा झाला. मग बोयनोक रिकाम्या डोंगरावर भुंकायला लागला. दार डावीकडं असताना उजवीकडच्या नमद्याच्या भिंतीला नाक टेकून वाट बघायला लागला. हाड तोंडात घ्यायचा आणि कळवळून टाकून द्यायचा. परवा सुनेनं, आयसुलूनं, लाडानं कानामागं खाजवलं, तर तिच्या मनगटावर झडप घातली. रक्त आलं नाही, पण पोरगी पांढरीफटक पडली. ज्याच्या अंगावर चढून या घरची दोन पोरं चालायला शिकली, तो कुत्रा!

आणि फिरायचा तो नेहमी डाव्या बाजूला. डावीकडं गोल, डावीकडं गोल, घाण्याच्या बैलासारखा.

बुरुलनं रुमाल झटकून डोक्यावर बांधला आणि टेकडी चढली. फोन तिथंच लागायचा, तोही खडकावर एका पायावर उभं राहिलं तर. गुरांचा डॉक्टर सेयित खालच्या कळपांना लस टोचत होता.

"सेयित, आमचा बोयनोक चळलाय."

"काकू, चळलाय म्हणजे नीट सांगा. मान कलते का?"

"डावीकडं."

"गोल फिरतो?"

"डावीकडंच."

"डोकं झटकतो? कानाला वास येतो?"

वास येत होता. तिला वाटलं होतं, म्हातारपणाचा असेल. महिनाभर सगळं बघितलं आणि नेमकं नाकाजवळचं सोडून दिलं! तिचा पाय खडकावरून घसरला आणि बोलणं मधेच तुटलं.

सेयितला तेवढं पुरलं, तो संध्याकाळच्या आत मोटरसायकलवरून आला. बोयनोकचं तोंड बांधलं, पण डोकं धरायला कोण? मुकाम्बेत म्हणाला, "मी या पापात नाही." मग कुत्र्यानं सेयितला दोनदा उलथवलं. तिसऱ्या वेळी मुकाम्बेत शिव्या घालतच उठला, गुडघे टेकून बसला आणि ते मोठं डोकं छातीशी घट्ट धरलं. बोयनोक निमूट झाला. सेयितनं टॉर्च दातात धरून चिमटा आत घातला आणि हळूहळू बाहेर काढलं ते गवताचं कुसळ. बोटभर लांब, पुवानं काळं पडलेलं. कुत्रा असा ओरडला की मेंढ्या उठून उभ्या राहिल्या.

"आणखी महिनाभर राहिलं असतं तर संपला होता," सेयित म्हणाला. "याचे कान कुणी कापले?"

"मी. पिल्लू होता तेव्हा," मुकाम्बेत म्हणाला. "लांडग्याच्या दाताला काही लागू नये म्हणून."

"लांडग्याला लागलं नाही खरं. पण काका, भांड्यावरचं झाकणच काढून ठेवलं, तर कचरा पडणारच ना?"

मुकाम्बेतनं दातात धरायला काहीतरी शोधलं. हाताला काही लागलं नाही.

"आणि काकू," सेयित औषध देत म्हणाला, "कान बरा होईल. म्हातारपण बरं होणार नाही. मोतीबिंदू आहे, थोडा विसरतोही. परत ओढ्यापलीकडं जाईल. आधी हाक मारा, मगच हात लावा. पाणी रोज एकाच जागी ठेवा."

"परवा घरच हलतंय, त्याचं काय करू?"

"मग घरचा वास त्याच्या अंगाखाली असू द्या."

दुसऱ्या दिवशी बोयनोकनं चरबीचा गोळा खाल्ला. दुपारी पुन्हा नाहीसा झाला. बुरुल रुमाल सोडत उठली, तर मुकाम्बेत आधीच ओढ्यापलीकडून येताना दिसला, कुत्र्यासोबत. हातात दोरी नव्हती, काही नव्हतं, तो नुसता बोलत येत होता. तिनं विचारलं तर म्हणाला, "घोडा बघायला गेलो होतो." घोडा तंबूमागं बांधलेला होता.

शुक्रवारी ट्रक भरला. नमदे, संदुका, चूल, कोकरं. बुरुल कंबर धरत पुढच्या सीटकडं गेली, दार उघडलं आणि तशीच थांबली. सीटवर बोयनोक. कानाला पट्टी, आणि अंगाखाली मुकाम्बेतचा मेंढीच्या कातड्याचा कोट, जो त्यानं सख्ख्या भावालाही कधी घालायला दिला नव्हता.

"हे काय?"

"तू मागं बस. चुलीला धरून."

"तीस वर्षं मी इथं बसतेय!"

"त्याला धक्के सोसत नाहीत. डॉक्टर म्हणाला."

"डॉक्टर असं काहीही म्हणाला नाही."

"विचारलं असतं तर म्हणाला असता."

बुरुल तोंडानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मागं चढली आणि चुलीच्या नि कोकरांच्या मधे कशीबशी बसली. ट्रक हलला. मुकाम्बेत घोड्यावरून कडेकडेनं दौडत ड्रायव्हरला ओरडत होता, "सावकाश! पुढं खड्डा आहे! अरे, सावकाश!" तीस वर्षांत तिच्या कंबरेसाठी त्यानं एकदाही असं सांगितलं नव्हतं.

खड्डा आला. चूल तिच्या गुडघ्यावर आदळली. बुरुलनं मूठ आवळून ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर दोनदा हाणली.

"बहिरा आहेस का रे मेल्या? अजून हळू!"