चार फूट साडेदहा

"टाचा टेकव."

"टेकल्यात, काकू."

"आणि गुडघे?"

ठेंगूने खाली असं बघितलं, की जणू ते गुडघे दुसऱ्याच कुणाचे होते. फ्रॉकच्या घेरात ते चांगले वाकवून ठेवले होते तिने.

"मला काय आंधळी समजतेस?" टाचणीकाकू म्हणाली. ओठांत टाचण्या धरून बोलायची तिची सवय जुनी, त्यामुळे अर्धं वाक्य तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर पडायचं आणि अर्धं गिळलं जायचं. स्टुडिओतल्या कपडेखात्यात सव्वीस वर्षं काढल्यावर जेमतेम पावणेपाच फुटांच्या या बाईचं खरं नाव पगाराच्या कागदाशिवाय कुठेच उरलं नव्हतं.

"काकू, प्लीज. चार फूट नऊच लिहा ना. मागच्या वेळी लिहिलं तसं."

"गप. आधी मोजू तर दे."

पण काकूचा हात काही टेपकडे जाईना. तिने उगाच कात्री उचलली, खाली ठेवली. इस्त्रीचं बटण बंद होतं, ते पुन्हा जाऊन बघितलं. सकाळपासून तिला एका जागी बसवत नव्हतं.

गोष्ट अशी होती. शहराच्या बुरुजांवर दिवे लावत फिरणाऱ्या एका मुलीची सहा पुस्तकं होती. पोरांनी पानं सुटेपर्यंत वाचलेली. त्यांचे सहा चित्रपट काढायचे ठरले होते, आणि तीन काढूनही झाले होते. लेखिकेचं काय जातं? सहा पुस्तकांत मिळून तिने जेमतेम एक हिवाळा संपवला. तिची दिवेवाली पहिल्या पानावर अकरा वर्षांची, शेवटच्या पानावरही अकराचीच. इकडे एकेका भागाला दीड-दीड वर्ष लागतं, आणि हाडामांसाची पोर तेवढ्यात वाढते. ठेंगूला निवडलं तेव्हा ती साडेनऊची होती आणि सगळ्यांत बुटकी होती, म्हणून तर हे नाव पडलं. आता तिला चौदावं संपत आलं होतं.

दुसऱ्या भागात काकूने दिवेवालीच्या झग्याचा पट्टा खाली आणला, कॉलर रुंद केली. बाकीच्या नटांच्या बुटांना जाड तळ लावून घेतले. सुतारानेही दारं आणि खुर्च्या सव्वापट मोठ्या करून दिल्या. पण तिसऱ्या भागात तेवढ्याने भागेना. तेव्हा काकूनेच डोकं लढवलं आणि झग्याच्या आतून, मानेपासून कमरेपर्यंत, एक ताठ पट्टी शिवली. पोर जरा सरळ झाली की पट्टी पाठीला ओढ द्यायची, आणि ती आपसूक वाकायची. "काकू, तुम्ही माझा चित्रपट वाचवलात," असं दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला होता. आठवडाभर काकूच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

मात्र त्याने हेही स्पष्ट सांगून टाकलं होतं, की चौथ्या भागाच्या आधी माप चार फूट नऊच्या वर गेलं, तर मुलगी बदलायची. आणि माप काकू देईल ते. तिच्या टेपवर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. गेल्या वर्षभरात तीच काकू दोनदा इंचभर कमी लिहून बसली होती, हे त्या बापड्याला कुठे माहीत?

दार उघडून मॅनेजरने डोकं आत घातलं. "काकू, झालं का? साहेब चिठ्ठीसाठी थांबलेत. आणि ती दुसरी कधीची येऊन बसलीये."

"बसू दे. बाक काही झिजत नाही तिच्या बसण्याने."

दाराच्या फटीतून काकूला ती दुसरी दिसली. असेल आठ-नऊ वर्षांची. पाय जमिनीला टेकत नव्हते. शेजारी तिची आई, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेंगूची आई. दोघी एकमेकींना दिसतच नसल्यासारख्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

दार लागलं तसा ठेंगूचा धीर सुटला. "काकू, मला पाचव्या भागातला पुलावरचा प्रसंग करायचाय. सगळे संवाद पाठ आहेत मला. तिला काय येतंय? मी वाकून राहीन ना! मला आता त्रासच होत नाही वाकायचा. शाळेतसुद्धा मी तशीच बसते, सवय राहावी म्हणून."

काकूने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"शाळेत पण?"

"हो. घरी पण. जेवतानासुद्धा." हे सांगताना तिचा चेहरा पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा फुलला होता.

"भिंतीला लाग. गुडघे सरळ. आता पाठ सरळ कर बघू."

"केली की."

"नाही झाली."

"काकू, केलीये मी!"

काकू तिच्या मागे गेली. खांदे पुढे आलेले, मान कासवासारखी बाहेर. तिने हलक्या हाताने खांदे मागे ओढले, तशी पोर कळवळली. "आई गं! इथे ओढतं." तिने हात मागे नेऊन मानेखालची जागा दाखवली आणि तिथून सरळ कमरेपर्यंत बोट फिरवलं. "ही सगळी पट्टी ओढते."

अंगावर शाळेचा साधा फ्रॉक होता. झगा केव्हाचा पेटीत पडला होता.

दोन प्रसंगांच्या मधल्या वेळात हीच पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची, आणि तिची झोप मोडू नये म्हणून काकू पायाला मुंग्या येईस्तोवर तशीच बसून राहायची. त्याच पोरीच्या पाठीचं आपण हे करून ठेवलं! कुणी सांगितलंही नव्हतं. आपल्याच हाताने, दुहेरी दोरा घालून, हौसेने. काकूला स्वतःची अशी लाज वाटली की कानशिलं तापली.

तिने मग पोरीची पाठ चोळली. खूप वेळ, वरून खाली, खालून वर. ठेंगू हळूहळू सैल पडली, भिंतीला टेकली, आणि काकूने तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून टेप सोडला.

चार फूट साडेदहा.

तिने चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं. ठेंगूने वाचलं आणि ती चिठ्ठीवर झडप घालायला आली. पण काकूने हात पाठीमागे नेला, दार उघडलं आणि कागद मॅनेजरच्या हातात दिला. मागच्या दोन मापांत आपण खोटं लिहिलं होतं, हेही साहेबांना सांग, म्हणाली.

पुढचा तमाशा व्हायचा तो झाला. ठेंगूची आई तरातरा आत आली. "दीड इंचासाठी? एवढी वर्षं तुम्हीच तर झाकत आलात ना? आत्ताच बरं खरं बोलायची हुक्की आली!"

"हो, मीच झाकलं," काकू म्हणाली. "म्हणून मीच सांगितलं. ताई, हिला हाडांच्या डॉक्टरला दाखवा. आजच दाखवा."

आई दोन मिनिटं वाटेल ते बोलली आणि दिग्दर्शकाला गाठायला गेली. ठेंगू केव्हा निघून गेली, ते तिला कळलंही नाही.

मग काकूने पेटीतून झगा काढला, उलटा केला, आणि ती पट्टी उसवायला बसली. टाके इतके घट्ट, की सुरीचं टोक शिरेना. दोनदा बोटात गेलं. तिला ते अर्धवट टाकवतही नव्हतं आणि जमतही नव्हतं. बाहेर कुणीतरी त्या दुसऱ्या मुलीला आत पाठवू का म्हणून विचारलं. "थांबा म्हणावं," काकू ओरडली. "झगा तयार नाही."

दार पुन्हा वाजलं. ठेंगू होती. डोळे सुजलेले, नाक लाल.

"काकू, तुम्ही फार वाईट आहात," ती म्हणाली.

एवढंच सांगायला आली होती ती. आवाज कापत होता, पण मुठी आवळून, छाती पुढे काढून, ती संतापाने ताठ उभी होती. दुखत असणार पाठ. तरी उभी होती.

काकू झगा बाजूला ठेवून उठली आणि तिच्यासमोर गेली. इतकी वर्षं ती या पोरीशी बोलली ती गुडघ्यांवर बसून, नाहीतर तिच्या वाकलेल्या मानेवरून. आज तिच्या डोळ्यांत बघायला काकूला मान किंचित वर करावी लागली.

"हो गं," ती म्हणाली. "आहे."