हाताला सोसेल इतकं

आमच्या धंद्यात पाण्याची परीक्षा हातानं होते. दवाखान्यांच्या चादरी, डॉक्टरांचे झगे, ऑपरेशनची फडकी, सगळं आमच्या धुलाईखान्यात येतं. भट्टीवरचं पिंप उतरवलं की मी कोपरापर्यंत हात बुडवते. सोसलं की कपडे टाका, नाही सोसलं तर थांबा. चाळीस वर्षांत माझा अंदाज चुकला नाही. नव्या बायका माझ्या कोमट पाण्याला बोट लावून किंचाळतात, तेव्हा मी विचारते, "लोण्याची आहेस का गं?"

माझ्या थोरल्याच्या पोटरीवर इस्त्रीच्या यंत्राची वाफ आली. भाजलेलं महिन्याभरात भरतं. हे चौथ्या महिन्यातही वाहत होतं. गोळ्या झाल्या, शिरेतून बाटल्या चढवून झाल्या. डॉक्टर म्हणाले, "जंतू दाद देत नाहीत."

"म्हणजे मार खाऊन कोडगे झालेत," मी म्हटलं.

"अगदी तसंच, आजी. जखम हाडापर्यंत पोचली, तर पाय ठेवता येणार नाही."

थोरल्याची मुलगी, माझी नात, दूरच्या गावी प्रयोगशाळेत असते. तिथं याच कोडग्यांवर औषध करतात. डॉक्टरांनी वर कागद पाठवून खास परवानगी काढली आणि नात बर्फाच्या पेटीतून दहा बाटल्या घेऊन आली. करंगळीएवढ्या, तपकिरी काचेच्या.

"एवढ्याशानं काय होणार?" मी म्हटलं.

"आजी, जंतूंनाही रोग होतो. त्यांच्याहून बारका एक विषाणू त्यांच्यात शिरतो, आत पिल्लं काढतो आणि जाताना जंतूची भिंत फोडतो. भिंत फोडायचं ते हत्यार तेवढं आम्ही वेगळं काढलंय."

"म्हणजे भाडेकरू निघताना घर पाडून जातो म्हण की."

ती हसली. बापाच्या पायाकडे बघितल्यावर तिचं हसू गेलं. "रोज सकाळी एक. सिस्टर येऊन जखमेवर सोडतील. तोवर फ्रिजमध्ये. वरच्या बर्फाच्या खणात नाही, आणि उकळायची तर मुळीच नाही. तुझा काही भरवसा नाही, तू मलासुद्धा उकळून काढशील."

तीन दिवसांत फरक पडला. पू आटला, कडेला गुलाबी कातडं दिसू लागलं. पण औषध फ्रिजमधून थेट जखमेवर पडलं, की माझा पन्नाशीचा मुलगा चादर मुठीत धरून म्हणायचा, "आई गं, बर्फ ओततात गं!" चार महिने ज्यानं हूं की चूं केलं नव्हतं, तो.

चौथ्या दिवशी सिस्टर यायच्या आधी मी पेलाभर पाणी तापवलं, बोटं बुडवून बघितली आणि बाटली त्यात उभी केली. उकळली नाही. हाताला सोसेल इतकंच पाणी होतं. मग पुसून सिस्टरसाठी बाहेर ठेवली.

सिस्टरनं विचारलं, "फ्रिजमधूनच काढलीत ना?"

"नाही, चुलीतून! मला काय कळत नाही?"

त्या दिवशी थोरला कण्हला नाही. मला बरं वाटलं. पुढं रोज तसंच केलं.

आठव्या दिवशी ताप भरला. दहाव्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. नात धावत आली. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला गुण आला, मग जंतू याही औषधाला पुरून उरले. अहवालात तसंच लिहावं लागेल. पाय उद्या काढू. आता थांबलो तर जिवावर बेतेल."

आम्ही त्याचे कपडे न्यायला घरी आलो. रिकाम्या बाटल्या मी खिडकीत ओळीनं ठेवल्या होत्या. काच काही मी टाकत नाही. नातीनं एकीच्या तळाशी राहिलेले थेंब बशीत ओतले. पांढरी तुसं तरंगत होती.

"आजी, बाटल्या तापल्या होत्या का?"

"उकळली नाही मी. गार लागतं म्हणून कोमट पाण्यात ठेवत होते."

"दाखव, कसं ते."

मी पाणी तापवलं, बोटं बुडवली, पेला पुढं केला. तिनं बोट घातलं आणि झटक्यात बाहेर काढून तोंडात धरलं.

"आजी, या औषधाचं अंड्याच्या पांढऱ्यासारखं असतं. एवढ्या पाण्यात ते शिजतं."

"नवं करायला किती दिवस?"

"तीन आठवडे."

पाय उद्या जाणार होता.

"डॉक्टरांना सांगायला हवं," ती म्हणाली.

"कशाला? लिहू दे त्यांना औषध हरलं म्हणून. औषधाला कुठं लाज असते?"

"औषधाला नसते. पण त्याच वॉर्डात दोन बायका आहेत, असल्याच जखमांच्या. हे हरलं म्हटल्यावर त्यांच्यासाठी परवानगी कोण मागेल?" मग खाली बघत म्हणाली, "माझंही चुकलं. थट्टेत सांगून गेले. 'तापवू नको' म्हणायला हवं होतं."

मी आयुष्यात कुणापुढं मान खाली घातलेली नाही, नवऱ्यापुढंही नाही. सकाळी डॉक्टर थोरल्याच्या खाटेशी होते. मी म्हटलं, "औषधाला बोल लावू नका. चौथ्या दिवसापासून ते मी शिजवून दिलं."

डॉक्टरांनी कागदावरची एक ओळ खोडली आणि मला दोनदा सगळं सांगायला लावलं. थोरला माझ्याकडे बघत होता. आता शिव्या घालेल, अशी मी मनाची तयारी केली होती. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "तरीच गार लागायचं थांबलं. बरं वाटायचं गं, आई."

मग त्याला आत नेलं.

आठवड्यानं त्या दवाखान्याचं गाठोडं आमच्याकडे आलं. कुठली चादर त्याच्या खालची, ते मी शोधलं नाही. पिंप उतरवलं आणि सवयीनं सगळ्या बायका माझ्या हाताची वाट बघत उभ्या राहिल्या. मी बाह्या वर केल्या, पुन्हा खाली घेतल्या. सगळ्यांत नवी होती तिला म्हटलं, "तू बघ गं. तुला सोसतंय का, तू सांग."