तारा संपल्या तिथून घरापर्यंत

माझे वडील घरी यायचे ते तारा बघत. मान वर, हात पाठीमागे, रस्त्याकडे अजिबात लक्ष नाही. समोरून येणाऱ्यानं मुकाट बाजूला व्हायचं. ट्रॉलीबस, म्हणजे छपरावरचे दोन दांडे वरच्या तारांना टेकवून विजेवर धावणारी बस, अप्पांनी जन्मभर चालवली. आता त्यांना गल्ली आठवत नाही, घराचा रंग आठवत नाही, कधीकधी मीही आठवत नाही. तारा मात्र आठवतात. संध्याकाळच्या तांबूस उजेडात त्या जोडीजोडीनं आमच्या दारावरून जायच्या, आणि त्यांच्याखालून अप्पा झोपेत चालल्यासारखे यायचे.

त्या तारांचे नकाशे आखते मीच. नव्या बसना बॅटरी आहे. अरुंद गल्ल्यांतून त्या तारेविना जातात. म्हणून आमच्या भागातल्या तारा काढायचं ठरलं. मी साहेबांशी भांड भांड भांडले. "तुमच्या वडिलांसाठी शहरभर तारा ठेवू का?" म्हणाले. शहरभर कोण मागतंय, मेल्या, असं मी मनात म्हटलं. शेवटी एवढंच पदरात पडलं, की आमच्या गल्लीच्या तारा सगळ्यात शेवटी उतरवायच्या. तोवर अप्पांना दुसऱ्या खुणा शिकवायच्या होत्या.

पण परवा कामावरून आले तर गल्लीवर नुसतं आकाश. तारा उतरवणाऱ्यांचा मुकादम हसत पुढे आला.

"ताई, तुमच्याच गल्लीपासून सुरुवात केली. म्हटलं, आपल्या माणसाचं काम आधी!"

कपाळ माझं! अप्पा फिरायला गेले होते. मी धावत सुटले.

कोपऱ्यावर, जिथं उरलेल्या तारा संपत होत्या, त्या खांबाखाली ते शांत उभे होते.

"अप्पा, चला घरी."

"बाई, करंट गेलाय. गाडी सोडून जाता येत नाही मला."

हात धरला, तर झटकला. विनवण्या केल्या, दटावलं, घरी आई वाट बघतेय म्हटलं. ढिम्म. मग मला रडूच फुटलं, भर रस्त्यात.

त्यांनी वळून पाहिलं. "अहो, रडता काय? तारेत वीज नसली की प्रवासी उतरून धक्का देतात. लावा हात."

मी मागे गेले आणि दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर टेकले. सदऱ्याखाली हाडं लागली. केवढे वाळले होते माझे अप्पा. हलकेच रेटलं, तसे ते चालू लागले, रिकाम्या आकाशाकडे बघत. मी "डावीकडे" म्हटलं की डावीकडे वळत होते. खिडक्यांत दिवे लागत होते. कुणी हसलंही असेल, हसू दे.

दारापाशी ते थांबले.

"बास, बाई. माझ्या नादात तुमचं घर मागे राहिलं का?"

"नाही. माझं घर हेच."

"हो का?" अप्पांचा चेहरा खुलला. "मग उतरा सावकाश. मी थांबतो."

आणि मी आत जाईपर्यंत ते बाहेर थांबून राहिले.